ते अक्षर त्याचं नव्हतं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. मग आज का? — माझा एक विद्यार्थी या उन्हाळ्यात बर्लिनला चाललाय. ज्या कागदांच्या आधारे पुस्तक लिहून मी प्रोफेसर झाले, ते मूळ कागद बघायला. त्याने सांगितलं तेव्हापासून मी घाबरलेय.

पण आधी मंगलाकाकू. पुण्यात जन्मभर जर्मन शिकवून, निवृत्त झाल्यावर त्या इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेला मुलाकडे आल्या. मी तेव्हा इथेच पीएचडी करत होते, तेव्हाच आमची ओळख झाली. विषय — कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, परराष्ट्र खात्यातला एक अधिकारी. कधी मंत्री झाला नाही, पण म्हणे पडद्याआडून चिठ्ठ्या लिहून सगळं धोरण हलवायचा. त्या काळचं जर्मन हस्ताक्षर म्हणजे नुसत्या मुंग्या! मला ओळ लागत नसे, काकूंना लागायची. दर शनिवारी त्यांच्या डायनिंग टेबलावर झेरॉक्स पसरायच्या. काकू वाचायच्या, मी टाइप करायचे. मग गरम वरणभात. दोन वर्षं.

माझा अख्खा प्रबंध एका बिनसहीच्या मसुद्यावर उभा होता. रशियाशी केलेला करार पुढे चालवू नका, असा सल्ला होता त्यात. तो याच माणसाचा, असं मी तीन प्रकरणं लिहून ठासून सांगितलं होतं. सबमिशनला महिना उरला असताना काकूंनी तो कागद पुन्हा उचलला, खिडकीपाशी नेला.

"अगं, हे त्याचं अक्षर नाही. दुसऱ्याच कोणाचं आहे बघ."

त्यांनी बोट ठेवलं तिथे मलाही दिसलं. लख्ख दिसलं. आणि मी काय केलं? — हसले. म्हणाले, "काकू, तुमची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही हं. मागच्या शनिवारीही दोन ओळी चुकल्या होत्या."

चुकल्या नव्हत्या. कधीच, एकही नाही.

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला, पण कागद परत हातात घेतला नाही. "असेल गं," म्हणाल्या. पुढच्या शनिवारी म्हणाल्या, तूच वाच आता. नंतर त्यांनी आपला जाडजूड शब्दकोशही कोणाला तरी देऊन टाकला.

त्या प्रबंधाचंच पुढे पुस्तक झालं. त्यात मी त्यांचे आभार मानलेत — प्रेमाने जेवू घातल्याबद्दल.

आणि आता ही भीती — कोणासाठी? माझ्यासाठीच. विद्यार्थी बोलला तेव्हा आधी पुस्तक आठवलं, काकू नंतर.

मागच्या रविवारी त्यांना देवळात नेत होते. हायवेवर लांब एक बोर्ड होता. मला अजून त्यावरची अक्षरं लागत नव्हती. काकूंनी तो सहज वाचला — पुढे रस्ता बंद, पुढच्या एक्झिटने बाहेर पडा. आणि लगेच ओशाळून म्हणाल्या, "माझं चुकलं असेल गं, तू बघ."

मी बघितलं. शब्द न् शब्द बरोबर होता.

मी एक्झिट घेतली, आणि म्हणाले, देवळात आज गर्दी असेल.