चंद्रीचं दुसरं पान

आमच्या घरात त्या दिवाळीला एकूण दहा पेशंट होते. त्यातली नऊ माणसं होती.

दहाव्याकडे नंतर येऊ. आधी माझं सांगते. मी तेव्हा नांदेडला बी.एस्सी. हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षाला होते. हे नाव आमच्या गावात (चाकूरपासून बसने अर्धा तास, बस आली तर!) कुणालाही एका दमात घेता यायचं नाही. सुट्टीत घरी गेलं की उंबऱ्यातच चौकशी सुरू.

"म्हंजे डाक्टर का?"

"नाही."

"मग नर्स?"

"नाही."

"मग दवाखान्यात करतीस काय?"

"पेशंटच्या नोंदी ठेवायच्या, त्या फायलींना लावायच्या, प्रत्येक आजाराचा एक कोड असतो, तो..." एवढं सांगून होईपर्यंत विचारणारा पुढच्या घरी पोचलेला असायचा.

खरं सांगायचं तर या शिक्षणाला माझ्याइतकी नालायक मुलगी अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडली नसती. एका जागी बसून कागदावर कागद नीट लावायचा, एवढंच तर काम. आणि मला नेमकं एका जागी बसवत नाही! बसले तरी पाय हलतो, पाय धरला तर पेन वाजतं. आई म्हणते, "हिच्या पायाला शिलाई मशीन जोडा, गावाची झबली शिवून व्हतील." बारावीला मार्क पडले तेवढ्यात जे मिळालं ते मी घेतलं होतं. पण गंमत म्हणजे मला ते आवडायला लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एखादं पुस्तक मी शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं.

आणि तेवढ्यातच अण्णांनी घोळ घातला. अण्णा म्हणजे माझे वडील. बारा एकर शेती, सोयाबीन, तूर, आणि गावात कुणाचंही काही चुकलं की ते त्याला तोंडावर सांगायची जबाबदारी. दिवाळीला मी घरी पोचले, तर बॅग खाली ठेवायच्या आत ते म्हणाले, "हे बग शीतल, उदगीरकडचं स्थळ आलंय. पोरगं मास्तर हाय. तुझं हे कागदाचं शिक्षण कशाला कामाला येतंय, ते मला ह्या सुट्टीत एकदा दाखव. दाखवलंस तर खुशाल शिक. न्हाई तर पाव्हणे बोलवतो."

मला त्या मास्तरबद्दल काही वाईट म्हणायचं नाही, पण नांदेड सोडायचं? त्या रात्रीपासून पाय दोन्ही हलायला लागले.

सुदैवाने कॉलेजच्या मॅडमनी सुट्टीत एक काम दिलं होतं. दहा जणांची संपूर्ण वैद्यकीय नोंद करायची, प्रत्येकाची स्वतंत्र फाईल. मॅडमचे नियम कडक. नाव फक्त पहिल्या पानावर. पुढच्या प्रत्येक पानावर पेशंटचा नंबर आणि पानाचा नंबर. सगळी पानं दोऱ्याने ओवलेली. आणि पेशंटने सांगितलेली गोष्ट मेल्यावरसुद्धा दुसऱ्याला सांगायची नाही. यातला शेवटचा नियम मला फार आवडला. मधल्या दोन नियमांत मला शाईची आणि दोऱ्याची नासाडी दिसली. (पुढे जे झालं, ते या एका वाक्यात आहे.)

चुलता-चुलती, त्यांची पोरं, आम्ही, असे नऊ जण झाले. दहावा मिळेना. शेजारच्या सुलाकाकूंकडे गेले, तर त्यांनी दारच लोटलं. "मला काय बी झालेलं न्हाई. तू लिहून ठेवलंस की व्हईल!"

मग गोठ्यात चंद्री दिसली. चंद्री म्हणजे आमची देवणी गाय. पांढरी शुभ्र, अंगावर काळे ठिपके, आणि तोऱ्यात अण्णांच्या तोडीस तोड. मी फाईल उघडली. नाव: चंद्री. लिंग: स्त्री. वय: सहा. पत्ता: वरीलप्रमाणे. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं! दुसऱ्या पानावर वजन, आहार, वेतं, सगळं तपशिलात लिहिलं. इतकी शांतपणे उभी राहून माहिती देणारी पेशंट घरात दुसरी नव्हतीच.

अण्णांची माहिती घेताना मात्र जड गेलं. पहिलं पान भरून झाल्यावर मी विचारलं, "तंबाखू?"

"सोडली," अण्णा मोठ्यानं म्हणाले, कारण आई चुलीपाशी होती. दोन वर्षांपूर्वी आईच्या गळ्याची शपथ घेऊन सोडली होती.

"खरं सांगा. पेशंटची माहिती गुप्त असते. मी शपथ घेतलीय."

अण्णांनी आजूबाजूला बघितलं. "कुणाला सांगायची न्हाईस?"

"मेल्यावर पण नाही."

"सहादा खातो दिवसातून," ते कुजबुजले. "पुडी गोठ्यात हाय, पेंडीच्या पोत्यामागं. तुझ्या आईला कळलं तर माझं खरं न्हाई."

मी ते दुसऱ्या पानावर लिहिलं. खाली रेघ ओढून 'घरी सांगू नये' असंही लिहिलं. अण्णांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, मला भरून आलं. नंबर टाकायला तेवढा वेळ मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दहाही फायली बैठकीत सतरंजीवर उघडून मांडल्या होत्या. लाइट नव्हती. अण्णा येऊन बघून गेले, आणि स्थळाचा विषय काढला नाही. मी खूश. आणि त्याच क्षणी लाइट आली! पंखा पाचवर होता. (सकाळी मीच ठेवला होता. एकावर वारं लागत नाही.) दहा पेशंट छताकडे उडाले. आई धावली, चुलती धावली, मी दारातून बाहेर पळणारी पानं पकडली. आईनं तिच्या झपाट्यानं, भरल्या वांग्यात मसाला भरावा तशी, सगळी पानं फायलीत भरून दिली.

"बग बरं, नीट झालं का?"

मी प्रत्येक फाईलचं पहिलं पान बघितलं. दहा नावं, दहा फायली. झालं की! मोबाईल चार्जिंगला लावायला पळाले.

भाऊबीजेच्या दिवशी अण्णांच्या पोटात कळ आली. चाकूरला सोनोग्राफी केली, तर पित्ताशयात खडे. डॉक्टर म्हणाले, "लातूरला दाखवा, ऑपरेशन लागेल." आई रडायला लागली. मला काळजी वाटत होतीच, पण खोटं कशाला बोलू, आत कुठंतरी दिवाळीही होती. अण्णांची संपूर्ण नोंद माझ्या हातात तयार होती! लातूरला जायचं ठरलं नेमक्या त्याच दिवशी चंद्रीला तपासायला ढोरांचे डॉक्टर येणार होते. निघताना मी ऐटीत आईला सांगितलं, "ते आले की चंद्रीची फाईल त्यांच्या हातात दे. काही विचारायची गरजच पडणार नाही."

लातूरच्या दवाखान्यात बाकडी भरलेली. आमचा नंबर सत्तेचाळीस, आत चालू होता बारा. मी उठले, बसले, पाणी प्याले, भिंतीवरचे सगळे तक्ते वाचले. "बस की एका जागी!" अण्णा म्हणाले. "पोट माझं दुखायलंय का तुझं?" शेवटी काउंटरवरच्या सिस्टरनी हाक मारली. मी फाईल दोन्ही हातांनी पुढे केली.

"हे काय?"

"संपूर्ण वैद्यकीय नोंद," मी म्हणाले. "मी स्वतः केलीय." अण्णांनी मान थोडी ताठ केली. ती मान मी अजून विसरले नाही.

सिस्टर खूश झाल्या. वाचत वाचत कंप्युटरमध्ये भरायला लागल्या. नाव बरोबर. वय चौपन्न, बरोबर. व्यवसाय शेती. त्यांनी पान उलटलं.

"वजन..." त्या थांबल्या. "काका, तुमचं वजन कंप्युटर घेईना गेलंय."

"का हो?"

"साडेतीनशे लिहिलंय."

"घरच्या काट्यावर पासष्ट भरलं व्हतं," अण्णा म्हणाले.

"लिहिण्यात चुकलं असेल," सिस्टर म्हणाल्या. बाई भली होती. "जेवण... सकाळी कडबा, संध्याकाळी पेंड तीन किलो, भिजवून." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पोट दुखणारच की हो काका!"

बाकड्यावर कुणीतरी हसलं. मला कळलं होतं. अण्णांना अजून कळलं नव्हतं. सिस्टर तर आता कामापुरतं नाही, उत्सुकतेने वाचत होत्या. "स्वभाव गरीब. नवीन माणूस दिसला की शिंग मारते. वेतं दोन. सध्या गाभण, पाचवा महिना."

अर्धा हॉल अण्णांच्या पोटाकडे बघायला लागला. आता खाली मान घालून फाईल परत मागायची, एवढंच माझं काम होतं. पण मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सिस्टर, पेशंटची माहिती गुप्त असते! ती अशी चारचौघांत वाचता येत नाही!"

तोपर्यंत ज्यांचं लक्ष नव्हतं, त्यांचंही गेलं. एक म्हातारे गृहस्थ उठून अण्णांना म्हणाले, "तुम्ही बसा हो, अशा अवस्थेत उभं ऱ्हाऊ ने."

"शीतल," अण्णा दातांतून म्हणाले, "ही चंद्री हाय."

"हाव," मी म्हणाले. नांदेडला कमावलेली सगळी शुद्ध भाषा त्या एका शब्दात गेली.

"मग मी कुठं हाय?"

या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. तेवढ्यात आत बोलावलं. डॉक्टर मोठे, गंभीर. त्यांनी सोनोग्राफी बघितली, पोट दाबलं आणि विचारलं, "काका, तंबाखू वगैरे?"

"सोडली," अण्णा म्हणाले. "दोन वर्षं झाली."

आणि अण्णांचा फोन वाजला. अण्णा फोन कानाला लावत नाहीत. भाकरी धरावी तसा तोंडासमोर धरतात आणि आवाज सगळ्या खोलीला देतात.

"अवो, ढोराचे डाक्टर आलेत," आई म्हणाली. "ते विचारायलेत, ही गाय तंबाखू कवापासून खाती?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"फायलीत लिहिलंय म्हनं, दिवसातून सहादा खाती. पुडी पेंडीच्या पोत्यामागं ठिवती. आन् 'घरी सांगू नये'." आई जरा थांबली. "मी जाऊन बघितलं. हाय पुडी."

अण्णांनी फोन तोंडापासून लांब धरला.

"चंद्रीला म्हणावं," आई म्हणाली, "संध्याकाळी घरी आल्यावर बोलते." फोन बंद झाला.

डॉक्टर आधी हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग एकदम गंभीर झाले. "काका, मला तुम्ही सोडली सांगितलंत. भूल द्यायच्या आधी हे आम्हाला कळलं नाही, तर त्रास तुम्हाला होतो. आधी तंबाखू बंद, मग ऑपरेशन. ही माहिती कुणी काढली तुमच्याकडून?"

अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं, पोलिसाला चोर दाखवावा तसं.

"माहिती उत्तम काढलीय," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडच्यांनाही पेशंट इतकं खरं सांगत नाहीत. फक्त ती गाईकडे गेली."

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. माझे दोन्ही पाय हलत होते. माझ्या डोळ्यांसमोर उदगीरचे पाहुणे, पोह्यांच्या बशा, सगळं दिसायला लागलं होतं. मी शपथ मोडली होती, वडिलांचं हसं केलं होतं, आणि घरी आई त्यांची वाट बघत होती. मला रडू आलं. "अण्णा, चुकलं माझं. बोलवा पाहुणे."

 चाकूर जवळ आलं तसे अण्णा म्हणाले, "पाव्हण्याला न्हाई कळवतो."

"का?"

"तू चार म्हैने शिकलीस तर मी गाभण ऱ्हायलो. अर्ध्यात सोडून कुणाच्या घरी गेलीस तर त्या लोकाचं काय व्हईल?" मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "डाक्टर म्हन्ले ते ऐकलो मी. शिक. पर पानाला नंबर टाकत जा, माय."

सुट्टीनंतर मॅडमनी फायली तपासल्या. नऊ फायलींवर लाल खुणाच खुणा. दहावीवर एकच ओळ होती: 'पेशंटचं वय सहा आणि दोन बाळंतपणं? मला येऊन भेटा.'

आता मी शेवटच्या वर्षाला आहे, आणि लातूरच्याच एका दवाखान्यात नोंदी ठेवायचं काम शिकते. अण्णांचं ऑपरेशन झालं, खडे गेले, तंबाखूही गेली. (आई पेंडीचं पोतं रोज हलवून बघते.) 'आमच्या पोरीबिगर दवाखान्याचं पान हालत न्हाई,' असं ते गावात सांगतात म्हणे. परवा तपासणीसाठी ते आमच्या दवाखान्यात आले, तेव्हा काउंटरवर मीच होते. माझ्या पायाची हालचाल बघून त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि न बोलता माझ्यापुढे ठेवला. स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं: नाव, वय, गाव. खाली, 'हा माणूस आहे. दूध देत नाही.' आणि अगदी खाली कोपऱ्यात, मला तीन वर्षांत एकदाही जमलं नाही इतक्या नीट अक्षरात, 'पान एक पैकी एक.'