माफी मागायचं राहिलेलं घर

पहाटे पाच पन्नासला भर समुद्रातल्या होम आयलंड या बेटाच्या जेटीवरचे दिवे अजून जळत होते आणि याकिन बिन रासेप दोन पांढऱ्या, न शिवलेल्या चादरी अंगाला गुंडाळून वादळ-निवाऱ्याभोवती फेऱ्या मारत होता. बेटावर दुसरी चौकोनी आणि उंच इमारत नसल्यामुळे काब्याचं काम या सिमेंटच्या निवाऱ्यावर येऊन पडलं होतं. उजवा खांदा उघडा, कमरेला चोरखिशाचा पट्टा, पायात पर्थहून मागवलेल्या चपला. हजला निघालेला माणूस कसा दिसतो, हे गावाला कळावं याची पूर्ण काळजी त्याने घेतली होती.

जेटीजवळच्या बाकावर मासेमारीला निघालेले म्हातारे बसले होते. त्यांतला नेक दीना बराच वेळ बघत राहिला आणि मग याकिनला म्हणाला, "नेक इर्फान, काबा डाव्या हाताला ठेवायचा असतो. तू उजव्या हाताला ठेवून फिरतोयस."

"सराव चाललाय."

"तिथं असा सराव केलास तर सगळी दुनिया समोरून अंगावर येईल. चपला तेवढ्या परत येतील."

त्या बाजूने फिरलं की जेटीकडच्या अंगाला समुद्राचा वारा पाठीवर येतो, एवढंच कारण होतं. दुसऱ्या दिवशी याकिन दिशा बदलून फिरला आणि आपण मुद्दामच दोन्हीकडून तयारी करतो आहोत, असं सगळ्यांना सांगत सुटला.

या बेटावर माणूस बाप झाला की थोरल्या लेकराच्या नावाने ओळखला जातो आणि आजोबा झाला की थोरल्या नातवाच्या. याकिन आधी पाक सुहैला, म्हणजे सुहैलाचा बाप होता, आता नेक इर्फान, म्हणजे इर्फानचा आजोबा आहे. या दोन्ही नावांसाठी त्याला स्वतःला फारसं काही करावं लागलं नाही. पण आता येणारं 'हाजी' हे नाव आपण कमावतो आहोत, अशी त्याची समजूत होती आणि ती चारचौघांत दिसावी यासाठी तो झटत होता. नर्सने टोचलेली लस तो बाही वर करून दाखवायचा. चादरीला टाचणी लावलेली चालते का, हा प्रश्न त्याने इमामांना इतक्या वेळा विचारला की शेवटी ते म्हणाले, "नेक, टाचणीचं अल्लाह बघून घेईल. तुम्ही बाकीचं बघा."

बाकीचं म्हणजे काय, ते इमामांनी मशिदीच्या ओट्यावरच्या वर्गात सांगितलं होतं. अल्लाहचं देणं अल्लाह माफ करतो, पण माणसाचं देणं माणसानेच माफ करावं लागतं. म्हणून निघण्याआधी ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्या दारात जा, आणि काय केलं ते नाव घेऊन सांगा. यातलं 'दारात जा' एवढं याकिनने उचललं. 'नाव घेऊन सांगा' हे त्याने कानाआड केलं.

मग तो घरोघर फिरला. अंगात इस्त्रीचा सदरा, पुढे केलेले दोन्ही हात आणि चेहऱ्यावर एखाद्या मयताला आल्याचा भाव. "जुनंनवं काही बोललो-चाललो असेन तर माफ करा." लोक ईदला हेच ऐकतात आणि म्हणतात, त्यामुळे कुणाला अडखळायला झालं नाही. माफ, माफ, बसा, चहा घ्या. दुपारपर्यंत त्याला निम्म्या गावाची माफी मिळाली आणि पोटात गॅस झाला.

बायको सपिया त्याच्याबरोबरच हजला निघाली होती. तिने बॅग भरता भरता विचारलं, "माझ्याकडे कधी येणार?"

"कशाला?"

"माफी मागायला."

"तू घरचीच आहेस."

"म्हणूनच विचारलं," सपिया म्हणाली आणि तिने त्याच्या गोळ्या आपल्या पिशवीत टाकल्या, कारण त्याच्याजवळ ठेवल्या तर तो कुठल्याच वेळेला खात नाही.

निघायला दोन दिवस उरले असताना तो रोसलीच्या दारात गेला. रोसली त्याचा चुलतभाऊ, सत्तरी ओलांडलेला. मूलबाळ नाही, म्हणून कुणाच्याही नावाचा आजोबा झाला नाही. जन्मापासूनच्या नावानेच राहिला आहे. सगळे वाक रोसली म्हणतात, वाक म्हणजे काका. तो अंगणात बसून जाळं दुरुस्त करत होता.

"वाक, जुनंनवं काही बोललो-चाललो असेन तर माफ करा."

"कशाबद्दल?" रोसलीने मान वर न करता विचारलं.

"कशाबद्दलही."

"कशाहीबद्दल मी कधी रागावलोच नाही. एकाच गोष्टीबद्दल रागावलोय. तिचं नाव घे."

याकिनला गोष्ट माहीत होती. सगळ्या गावाला माहीत होती. रोसलीने ऐन उमेदीत 'मेलाती' नावाची शिडाची होडी बांधली. अशा होडीला इथे जुकोंग म्हणतात. ती ईदच्या शर्यती जिंकत गेली. पुढे ती जपून ठेवायचं ठरलं तेव्हा माहिती लिहून घ्यायला बाहेरून एक बाई आल्या आणि विचारू लागल्या, ही कुणी बांधली? रोसली समुद्रावर होता. याकिन होडीच्या सावलीत झोपला होता. तो उठून म्हणाला, "मी." बाईंनी विश्वास ठेवला, त्यात त्यांची चूक नव्हती. आज होडी जेटीजवळच्या शेडमध्ये उभी आहे आणि पितळी पाटीवर याकिनचं नाव आहे. एरवी खोटं बोलून माणूस गप्प बसतो. हा त्यानंतर वर्षानुवर्षं शाळेच्या पोरांना फळ्या कशा वाकवायच्या याचं व्याख्यान देत आला. लाकूड त्याने कधी जळणाशिवाय हातात धरलं नव्हतं. गाव ऐकून घेत राहिला, कारण इथे वडीलधाऱ्याला तोंडावर खोटं पाडत नाहीत. या चांगल्या रीतीचा इतका पुरेपूर वापर दुसऱ्या कुणी केलेला नाही.

"वाक, ते किती जुनं झालं," याकिन म्हणाला.

"तू म्हणालास, जुनंनवं."

याकिन चहा न घेताच परतला. संध्याकाळी त्याने सपियाच्या हाती रेंदांगचं भांडं पाठवलं. मटण चांगलं शिजलं होतं. भांडं धुऊन परत आलं, माफी आली नाही. मग तो इमामांकडे गेला आणि म्हणाला, समोरचा हट्टी असेल तर मागणाऱ्याची जबाबदारी संपते ना?

"मागितलं असेल तर संपते," इमाम म्हणाले. "तुम्ही काय मागितलंत?"

निघण्याच्या आदल्या दिवशी, दुपारच्या नमाजानंतर, त्याच्या अंगणात सगळा गाव दुआ करायला आणि जेवायला बसला. रोसलीही आला आणि पोटभर वाढून घेऊन बसला. याकिनने माइक हातात घेतला. आवाज दाटलेला होता. सकाळपासून तो त्याचीच तयारी करत होता. सगळ्यांची एकदम माफी मागून झाली. सगळे एकदम माफ म्हणाले.

"माझं राहिलं," रोसली म्हणाला.

इमाम आपल्या ताटातल्या भाताकडे बघत बसले.

"वाक, इथं?"

"होडी तुझी याच लोकांदेखत झाली."

याकिनने माइक खाली ठेवला. एवढ्या मोठ्या सभेत पहिल्यांदाच त्याला माइक नको झाला. "मेलाती वाक रोसलींनी बांधली," तो पुटपुटला. "मी मदत केली."

"काय मदत?"

"घासली."

"किती?"

"एक बाजू."

"सावलीची," नेक दीना मागून म्हणाला आणि बायकांच्या बाजूला हसू फुटलं.

रोसली हसला नाही. "तोंडाने सांगून झालं," तो म्हणाला. "पितळेचं राहिलं. पाटी उतरव. तुझ्या हाताने. मग माफ."

"हजहून आल्यावर पहिलं काम तेच."

"मग माफीही आल्यावर घे."

तोड अवघड नव्हती, आणि ती इमामांनीच काढली. विमान पलीकडच्या बेटावरून दुपारनंतर सुटतं. बोटीच्या दुसऱ्या, सकाळी उशिराच्या फेरीने गेलं तरी पुरतं. सकाळी शेड उघडली की चार स्क्रू काढायचे, पाटी रोसलीच्या हातात द्यायची आणि माफी घेऊन निघायचं.

याकिनने विचार केला. पहिल्या फेरीला निरोप द्यायला सगळा गाव जेटीवर येणार होता. पोरं दुआ म्हणणार होती, फोटो निघणार होते. दुसऱ्या फेरीला असतात चार मजूर आणि भाजीच्या पेट्या.

"सामान फार आहे," तो म्हणाला. "लवकर गेलेलं बरं."

रोसलीने ताट पुसून खाल्लं, हात धुतला आणि यजमानाला रीतसर सलाम करून तो घरी गेला.

"मी दुसऱ्या फेरीने येईन," सपिया भांडी गोळा करताना म्हणाली.

"का?"

"तुमच्या गर्दीत मला फोटोला उभं राहायचं नाही."

उद्या पहिली फेरी साडेसहाला सुटते. शेड नऊला उघडते.