दहाव्याचा कावळा

चकलांब्याच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेले बंकट सर मागच्या महिन्यात वारले. कुणी काही सांगितलं की ते विचारायचे, "कावून, का बरं असं? करून बघितलं का?"

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. इच्छा राहिली असंल, म्हणत लोक पिंडाभोवती दाटीनं उभे होते. सरांच्या पत्नी सारजाबाईंनी शाळेला दुर्बीण द्यायचं कबूल केलं, तरी कावळा लिंबावरच बसून राहिला. मी सरांचा विद्यार्थी. मला राग आला.

"वीस पावलं मागं सरका," मी म्हणालो.

लोक कुरकुरत सरकले. कावळा उतरला आणि भात खाऊ लागला.

"बघा, दुर्बिणीतच जीव अडकलता," एक म्हातारा म्हणाला.

सारजाबाईंनी डोळे पुसले.

"आता समदे परत म्होरं या," त्या म्हणाल्या. "उडतो का बघू."