गंगूमावशीची खानावळ

मटणाच्या तर्रीचा वास आला, की माझ्या कानांत अजून हाड मोडल्याचा आवाज येतो.

बहात्तरच्या दुष्काळात मी भिंगारला नोकरीला होतो. बाजारामागच्या बोळात गंगूमावशीची खानावळ होती. पाटी नव्हती, बाहेरच्याला ती सापडायची नाही, आणि आम्हाला दुसरीकडे जेवण जायचं नाही.

एका दुपारी मावशीचा दीर दारू पिऊन आला. "भाऊ मेला माझा. आता जागा माझी हाय, नीघ!" म्हणत त्याने तिला केसांना धरून ओढलं आणि चुलीपाशचं लाकूड तिच्या मनगटावर घातलं. आम्ही ताटावरून उठेपर्यंत तिने दुसऱ्या हाताने उकळत्या तर्रीची पळी त्याच्या तोंडावर फेकली होती. तो किंचाळत पळाला.

"आता भाकरी कोन थापनार?" म्हणून मावशी रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मोडका हात गळ्यात बांधून ती चुलीपाशी बसली होती आणि रोज जेवायला येणारे दोन हमाल भाकरी थापत होते.

"पानी लाव की रं, चिरती ती!" ती ओरडत होती. वेड्यावाकड्या भाकरी बघून आम्ही हसत होतो.

तोंडाला फडकं बांधलेला दीर बोळाच्या टोकाशी उभा होता. तेव्हा मी त्याच्याकडे फारसं पाहिलं नाही. आज तोच जास्त आठवतो. आतली भरलेली पंगत बघत तो बराच वेळ थांबला, आणि आत न येता निघून गेला.