भिंत वाळली होती

मंडळी, दोन तास झाले, अजून सुन्न आहे.

घाटंजीतलं आमचं घर विकायला काढलंय. कापसाचा भाव असा पडल्यावर घर घेणार कोण? कित्येक महिन्यांनी आज पहिलं गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून बैठकीत रंग मारून घेतला.

रंग झाल्यावर पेंटरला म्हटलं, "बुद्धाची तसबीर लाव आता."

"काका, भिंत ओली हाय."

जन्म मिस्त्रीकामात गेला माझा. वाळलेली भिंत मला दुरून कळते. मागं हात धुताना आतली कुजबुज ऐकली. कान आमचे पहिल्यापासून तिखट.

"बाबाले ओलीच हाय म्हणा. तसबीर पाह्यली का जात समजते गिऱ्हाइकाले."

आवाज माझ्या पोराचा!

आत जाऊन विचारलं, "काहून रे, लाज वाटते?"

"लाज नाही बाबा, भेव वाटते. हे गेलं तं दुसरं कोन येईन?"

मी तसबीर लावली. गिऱ्हाईक आलं, घर आवडलं म्हणालं, मग तसबिरीकडे पाहिलं. "कळवतो" म्हणून उठलं. चहाला हात लावला नाही.

पोरगा भरलेले कप मोरीत ओतून विसळत बसला.

तसबीर लावली याचा पस्तावा नाही. पण पोराला काय सांगू, तुम्हीच सांगा.