सुजाताबाईंची कण्हेर

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. माणसं एका जागी नोकरीला लागली की ते धुळीसारखे आपोआप साचतात. रिठदकडच्या आमच्या शाळेत तर एकट्या कण्हेरीनेच ढीगभर दिले!

बाहत्तरचा दुष्काळ. बागेतला गुलाब गेला, शेवंती गेली, मेंदीचं कुंपणसुद्धा वाळलं. तेव्हा चौथीच्या सुजाताबाई माहेराहून, इंझोरीहून, कण्हेरीच्या फांद्या घेऊन आल्या. बाटलीत मुळ्या फुटू दिल्या आणि गेटापासून ओळीनं लावल्या.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, प्यायले पाणी नाही. हे जगंल का?"

"ते जगते सर. आपल्यालेच जपा लागते. पानापासून मुळीपर्यंत जहर हाये."

पुढच्या उन्हाळ्यात सगळं शिवार करपलेलं आणि आमच्या गेटावर गुलाबी फुलांचा नुसता धुमाकूळ! एसटीतले लोक खिडकीतून माना काढून बघायचे.

*

छाटणीला बाई पदर खोचून, हातांना जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळून उभ्या राहायच्या. नंतर कात्री धुवायची, साबणानं हात धुवायचे, तोवर डोळ्याला बोट लावायचं नाही.

ड्रिलचे काळे मास्तर हसले. "बाई, झाड छाटून राह्यल्या का साप पकडून राह्यल्या?"

"साप तरी आधी फुत्कारते, मास्तर."

*

एकदा शिपाई सखाराम वाळलेल्या फांद्या चुलीसाठी उचलून निघाला. बाई धावतच गेल्या. "ठेव खाली! याचा धूर बी वाईट." मग खोल खड्डा खणून सगळं पुरलं, कारण हिरवं पान बकरी हुंगून सोडते, वाळलेलं मात्र खाऊन बसते.

सखाराम म्हणाला, "म्हंजे जित्तं असताना बरं, मेल्यावर जास्त वंगाळ."

हेडमास्तर हळूच म्हणाले, "काही साहेब याच्या उलट असतात."

*

आणि शाळेच्या आवारातली ती स्टाफची पार्टी! गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणकेचे रोडगे भाजत होते, वरण काळे मास्तरांकडे. पळी सापडेना, म्हणून त्यांनी गेटाजवळच्या ओळीतली एक फांदी तोडली, सोलली आणि वरण ढवळलं. सुजाताबाईंनी पाहिलं मात्र, सगळं पातेलं लाथेनं उलटं केलं.

आम्ही पातेल्याकडे धावलो. भुकेले तर होतोच.

"बाई, हे काय केलं?" हेडमास्तर ओरडले.

"सर, काडी पाहा." मग त्या मास्तरांकडे वळल्या. "तुमी चाखलं का?"

मास्तरांचा चेहरा उतरला. "मीठ पाह्यलं. चमचाभर."

सखारामनं जीप मिळवली. रिसोडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मास्तरांना उलट्या सुरू झाल्या. बाई शेजारी बसून त्यांना धीर देत होत्या. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी सांगितलं, वाचले.

सोमवारी मास्तरांच्या बायको शाळेत आल्या. सुजाताबाईंच्या गळ्यात पडून पोटभर रडल्या. मग डोळे पुसले, गेटावरच्या फुलांकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या,

"बाई, मले बी एक फांदी द्या. घरी लावतो. याहिले जरा धाक राहीन."