चौघांचं दार

जुन्या जालन्यातल्या गेमिंग कॅफेत ती दर रविवारी यायची. तिशीची असेल. रंगाच्या दुकानात कामाला होती आणि नखांत निळा रंग असायचा. नाव मी कधी विचारलं नाही. चौघांनी धडपडत, एकमेकांना ओढत पलीकडे पोचायचा एक खेळ आम्ही तिघं मित्र तिच्यासोबत खेळायचो. तिचा हात हळू चालायचा, म्हणून आम्ही तिघं तिला खड्ड्यात सोडून पुढे जायचो आणि हसायचो. ती फक्त ओठ घट्ट मिटायची.

त्या खेळात आपली लेव्हल आपल्याला बनवता येते. एका रविवारी तिने स्वतःची लावली. तिचं शेवटचं दार चौघं समोर उभे राहिल्याशिवाय उघडायचंच नाही. ती मागे खड्ड्यात, आणि आम्ही तिघं दारावर धडका देत होतो. वैतागून मालक म्हणाला, "ताई, जरा सोपी करा. पोरं कटाळून राह्यलीत."

"न्हाई करणार," स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली. "एकाला टाकून जायचं असंल, तर दुसरा खेळ लावा."

शेवटी मीच मागे फिरलो आणि खड्ड्यात दोर सोडला.

"बराबर धरा, मंग येते," ती म्हणाली. आवाजात आभार नव्हते. ते मागायला मला तोंडही नव्हतं.